धाकटीच्या वाटणीचं ऊन

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. तू फोन कापतेस म्हणून लिहितेय. पत्र फार तर फाडशील, पण वाचल्याशिवाय फाडणारी तू नाहीस. नणंद म्हणून तुझ्या शाळेपासून ओळखते तुला.

काल मोजणीवाला आला आणि खुशाल तुझ्या खडकाळ तुकड्यावर चुन्याच्या रेघा मारायला लागला. म्हणे मालकीणबाईंनीच बोलावलंय, तुकडा सोलरच्या कंपनीला भाड्याने द्यायचाय. अगं, त्या तुकड्यावर आमच्या पंपाच्या प्लेटा उभ्या आहेत! अकरा घरांनी मिळून बसवल्यात. बाकी सगळीकडे झाडांची नाहीतर टेकडीची सावली येते, तिथेच काय ते दिवसभर ऊन. दीड वर्ष झालं, डिझेलचा वास विसरलो. ऊन तापलं की मोटर सुरू होते आणि पाणी थेट झाडांच्या बुडाशी ठिबकतं. डाळिंबाला आत्ता कुठे फळ धरलंय. या दिवसांत पाणी तुटलं तर सगळं गळून पडेल.

कंपनीची वीज मोठ्या तारांनी तुमच्या शहरात जाणार. ऊन आमचं, पंखे तुमचे! परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन गप्प बसले असते. घरच्या मुलीने करावं, याचा संताप होतो. तुझ्या नवऱ्याचं डोकं असेल तर त्यालाही हे पत्र दाखव.

मोजणीवाल्याला पाणी पाजून परत पाठवलंय. तब्येतीला जप. माया आहे तिथेच आहे, तिच्यावर राग येऊन बसलाय एवढंच.

तुझी वहिनी

९ मार्च

ती. सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं, फाडलं नाही. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, मला तुमच्या भांडणात ओढू नका, आणि चहा टाकायला गेला. तेव्हा डोकं माझंच आहे, खात्री बाळग.

आता माझं ऐक. माझ्या तुकड्यावर प्लेटा आहेत हे मला कुणी सांगितलं? मोजणीवाल्याने! फोटो दाखवून त्याने विचारलं, बाई, इथे आधीच काम झालंय, तुम्हाला माहीत नाही? त्या परक्या माणसापुढे मी माहीत आहे की, असं खोटं बोलले. लाजेने कान तापले. दीड वर्षात म्हैस व्याली ते कळवलंस, शेजारणीचं सुनेशी वाजलं तेही कळवलंस. एवढंच तेवढं राहिलं?

वाटणीच्या वेळी काळी जमीन दादाने ठेवली आणि दगड माझ्या नावावर केले. तिथे कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं. सगळे हसले होते, मीही हसले होते. आता त्याच दगडांना उन्हामुळे भाव आला, तर ते पुन्हा तुमचे झाले? मी इतकी वर्षं जिन्याखाली मशीन टाकून लोकांचे कपडे शिवतेय. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. कंपनीच्या भाड्यात मला खिडकीवालं दुकान मिळेल. आणि पंख्याचं म्हणशील तर तो मी लावतच नाही, कापलेलं कापड उडतं.

महिनाअखेर सही करायची आहे. दादाला काही म्हणायचं असेल तर स्वतः लिहू दे. दरवेळी तुला पुढे करतो आणि आपण गोठ्यात जाऊन बसतो, ते आता चालणार नाही.

माया माझीही आहे. सध्या तिला हाक मारू नकोस.

तुझी धाकटी

१५ मार्च

धाकटीस,

स्वतः लिहितोय. जमीन तुझी, मान्य. आजपासून तुझ्या दगडांवर आमचा खिळाही राहणार नाही. प्लेटा उतरवतोय. कंपनीला दे नाहीतर उशाला घे. झाडं जळाली तर जळाली, बहिणीपुढे हात पसरणार नाही.

दादा

१६ मार्च

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद नंतर, आधी हे वाच. तुम्हा भावंडांत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! काल हे पाना घेऊन माळावर गेले आणि नट सोडायला लागले. शेजारचे काका धावत आले, त्यांची मिरचीही याच पाण्यावर आहे. त्यांनी पाना ओढला. भर उन्हात दोन म्हातारे पोरांसारखे झोंबले. हे ऐकेनात. निम्म्या प्लेटा आता गोठ्यात गोणपाटाखाली पडल्यात. उरलेल्यांवर मोटर नुसती गुरगुरते. विहिरीत पाणी आहे, पण वर चढत नाही. कुणी आमच्याशी बोलत नाही. मी बादलीने पाणी घालतेय, पण किती झाडांना पुरी पडणार?

प्लेटा बसवताना मी यांना म्हणाले होते, धाकटीला विचारा. हे म्हणाले, तिला काय विचारायचं, ती कुठे नाही म्हणणार आहे? मला वाटलं, केवढा विश्वास आहे बहिणीवर! तुझं पत्र आल्यापासून ते बोलणं मला टोचतंय.

मी कुणाच्याच बाजूची नाही, झाडांच्या बाजूची आहे. आशीर्वाद दोघांत वाटून घ्या.

तुझी वहिनी

२१ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला आहे, तुझ्या कामाला नाही.

मी कुठे नाही म्हणणार आहे, असं तू म्हणालास. खरं आहे, नसते म्हणाले. विचारलं असतंस तर हो म्हणाले असते, वर येऊन खड्डे खणायलाही हात लावला असता. माझ्या दगडांवर गावाचं पाणी चालतं म्हणून इथे गल्लीभर मिरवलं असतं. ते तू मला मिळू दिलं नाहीस. जमिनीपेक्षा मला त्याचा राग आहे.

आणि प्लेटा काढून शिक्षा कुणाला केलीस? मी इथे नळाचं पाणी पितेय, बादल्या वहिनी वाहतेय. विचारणं आणि हात पसरणं यातला फरक केस पिकले तरी कळू नये? दुकान मला हवंच आहे, खोटं कशाला बोलू? सही अजून केलेली नाही. तुला काय हवंय ते सांग, नाहीतर करून टाकते.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या पत्रावर.

धाकटी

२६ मार्च

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. बरेच कागद फाडून हे लिहिलंय. राग गेलेला नाही. मला न सांगता मोजणी लावलीस, ते मी विसरणार नाही. तूही माझं विसरू नकोस.

तू जिन्याखाली बसून शिवतेस हे मला माहीत नव्हतं. काल सगळी घरं जमली. आधी त्यांनी मला यथेच्छ धुतलं, मग ठरलं की जागेचं भाडं तुला द्यायचं. कंपनीच्या निम्मंच जमेल. कमी आहे हे माहीत असून विचारतोय.

फळ गळायला लागलंय. आज काकांनी प्लेटा गोठ्यातून काढून तुझ्या हद्दीपर्यंत आणल्या. पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, पत्राची वाट बघत बसलास तर झाडावर काही उरणार नाही, चढव. मी पाना खाली ठेवला.

हे पत्र तुझी वहिनी घेऊन येतेय. तिला बजावलंय, शब्द बोलायचा नाही. विचारणारा मी आहे. तुझ्या जमिनीवर प्लेटा बसवू का?

तुझा दादा

२७ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. वहिनी खरंच बोलली नाही. जेवली, आणि रडली.

निम्म्या भाड्यात दुकान येत नाही. मशीन जिन्याखालीच राहील आणि दुपारी दिवा लावताना मला रोज तुझा राग येईल.

तरी हो. चढव प्लेटा.

तुझी धाकटी