लिफ्टसमोरचा गालिचा

४ मार्च १९७४, सोमवार
पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात काहीतरी शिजतंय. मी टायच्या कपाटामागून बाहेर आलो, तर हातमोज्यांच्या काउंटरवरच्या मिस एन्टविसलनं एक तपकिरी पाकीट झटकन ड्रॉवरमध्ये सारलं. विचारलं तर म्हणाली, काही नाही हो मिस्टर हॅसलम, जुनी बिलं. बिलं लपवताना कुणाचे कान लाल होत नाहीत.
संकल्प: डोळे उघडे, तोंड बंद.

५ मार्च
तोंड बंद राहिलं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक सीनियर विक्रेत्याचं, हा या दुकानाचा रिवाज. गेली तीस वर्षं ते माझं. आज फ्लोअरप्रमुख मिस्टर थ्रेलफॉल यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, आज जरा बसा, हॅसलम, बरीच वर्षं उभे राहिलात. मला गिऱ्हाइकांपासून तोडायचा डाव आहे. तसं तोंडावर सुनावलं. ते नुसते हसले, म्हणजे डाव आहेच.

६ मार्च
उलगडा झाला. थ्रेलफॉल जाणार. गुडघा दुखतो, लंगडतात, लपवतात. पाकिटात त्यांच्या निरोपाचं कार्ड आहे. उद्याच्या साहेबासमोर जुन्या साहेबाचं गुणगान कोण लिहील? म्हणून माझ्यापासून लपवाछपवी. लिफ्टसमोरच्या लाल गालिच्यावर उभं राहून गिऱ्हाइकांचं स्वागत करायचा प्रमुखाचा मान आता माझा.
संध्याकाळी घरच्या शेकोटीपुढे उभं राहण्याचा सराव केला. हात मागे, हनुवटी वर. धाकटी बहीण ईडिथ म्हणाली, बाजूला हो रे, सगळी ऊब अडवलीस.

७ मार्च
स्टाफ ऑफिसातून मिसेस क्रॉम्प्टनचा दुसऱ्यांदा निरोप: वर येऊन जा. गेलो नाही. हाक मारताच धावणारा माणूस प्रमुख म्हणून शोभत नाही. त्यांनी पत्रही पाठवलंय. ते उघडून उतावीळ दिसायचं नाही.
ईडिथ म्हणते, तुझ्या पासष्टीचं काहीतरी असेल, जाऊन तरी ये. पासष्टी पंधरा तारखेला आहे खरी, पण मी पंचावन्नचा दिसतो. ईडिथला दुकानातलं काय कळतं?

१२ मार्च, दुपारी १
मिस एन्टविसल जेवायला गेली. ड्रॉवर उघडा. कार्डावर जहाजाचं चित्र, आत सह्यांची गर्दी. वाचायला वेळ नव्हता, जिन्यात पावलं वाजत होती. एका कोपऱ्यात मीही लिहून टाकलं: ‘अखेर जागा मोकळी केलीत, आभारी आहे. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.’ खाली माझी ठसठशीत सही. मी घाबरत नाही.

१४ मार्च
सगळे माझ्याकडे प्रेमानं बघताहेत. संशयास्पद. मिस एन्टविसल डोळे पुसत म्हणाली, मिस्टर हॅसलम, तुमचं मन फार मोठं आहे हो. हिला बढती हवी असणार. प्रमुख झाल्यावर बघू.
ईडिथकडून सूट इस्त्री करून घेतला. भाषण पाठ.

१५ मार्च, शुक्रवार
दुकान बंद झाल्यावर सगळे लिफ्टपाशी जमले. थ्रेलफॉलनी खांद्याला धरून मला गालिच्यावर उभं केलं. मी भाषणासाठी घसा साफ केला, तेवढ्यात त्यांनी ते कार्ड माझ्याच हातात दिलं. वर नाव होतं: विल्फ्रेड हॅसलम.
मग त्यांनी माझ्या दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. सगळे पोट धरधरून हसले. थ्रेलफॉल म्हणाले, स्वतःच्या निरोपाच्या कार्डावर असं लिहायला जिगर लागते, हॅसलम. मी मनात म्हटलं, तीस वर्षांत माझ्या विनोदाला पहिल्यांदाच कुणी हसलं.
मला रडू येत होतं. हसून हसून पाणी आलंय, असं त्यांना वाटू दिलं. भाषण केलं नाही.
सोमवारी सकाळी कुठे जायचं, ते अजून ठरलेलं नाही.