दिवेलागणीची प्लेट

दादा, आज मंगळवार. सकाळी मुलीला घेऊन जुन्नरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, नारायणगावला एसटी बदलून दुपारी निरगुडसरला परत आलो. मग कांद्याला पाणी दिलं.

ही नात तुम्ही पाहिली नाहीत. बारा वर्षांची आहे आणि हनुवटी थेट तुमची, आत गेलेली. लोक तुम्हाला विचारायचे, "पावणं, हनुवटी कुठं ठिवली?" तुम्ही म्हणायचात, "सासुरवाडीला इसरली. आणायला गेलो की जेवायला बसवत्यात, परत ऱ्हाती." तिला मात्र घास नीट तोडता येत नाही, आणि वर्गात मुली हसतात. खालचा जबडा पुढे वाढावा म्हणून तिला काढता-घालता येणारी प्लेट दिली आहे. वाढीचं वय आहे तोवरच तिचा उपयोग.

आज बाईंनी माप घेतलं. जबडा फारसा पुढे आला नव्हता. "प्लेट घालायचे रोजचे तास भरतात ना?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, भरतात, शाळेतसुद्धा घालते. "मग काढते कधी?" पोरगीच म्हणाली, "दिवं लागल्यावर. आमच्याकडं तवा बोलायचं असतं."

तुमचाच नियम. दिवं लागलं की कुणी त्वांड मिटून बसायचं न्हाई, दिवसभराचं काय असंल ते वट्यावर सांगून टाकायचं. डेअरीला दूध घालून आलात की तुम्ही चहा घेऊन बसायचात आणि मला, कमी बोलणाऱ्याला, शेवटी विचारायचात, "आन तुझं काय, राव?" मी काही सांगेपर्यंत तुम्ही कप खाली ठेवत नसायचात. तुमच्यामागे तो नियम मी चालू ठेवला. गप्पा लांबतात, जेवणं होतात, पोर तिथंच पेंगते आणि प्लेट रात्रभर डबीत राहते.

बाई म्हणाल्या, हाडाची वाढ दिवसभर सारखी नसते. संध्याकाळनंतर आणि रात्री ती जास्त होते असं दिसतं, म्हणून प्लेट तेव्हाच तोंडात हवी. दिवसाच्या तासांनी ते भरून निघेलच असं नाही. "अजून वेळ आहे, पण आता घालवू नका."

आज दिवे लागल्यावर ती प्लेट घालूनच वट्यावर आली. बोलायला लागली तर थुंकीच उडाली. तिची आई हसली, मग तीही हसली. शाळेतलं सगळं सांगितलं, आम्हाला निम्मं कळलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तुमचं काय, पप्पा?"

मी म्हणालो, काही नाही. खरं म्हणजे, दादा, प्लेट लागू पडली तर घरातली तुमची हनुवटी जाईल, हे माझ्या मनात होतं. ती जावी असं मला पूर्ण वाटत नाही. पोरीसमोर हे कसं बोलणार, म्हणून इथं लिहिलं.

आता सगळे आत गेलेत. मी वट्यावरचे कप विसळले, प्लेटची रिकामी डबी धुतली आणि सकाळसाठी पालथी घालून ठेवली.