शनिवारच्या फेरीतली जागा

५ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

सात महिने या वहीत एक ओळ नाही. माफ कर म्हणायचं तर कुणाला? कागदाला? तरी म्हणते. आई मार्चमध्ये गेली. त्यानंतर लिहायला बसलं की 'आज आई' एवढं लिहून पेन थांबायचं. ती पानंही फाडली. आता पुन्हा सुरू करते आहे, पण दुःख हलकं झालं म्हणून नव्हे. बोलायला कुणी नाही म्हणून.

दोनोस्तियात, स्पेनच्या बास्क मुलखातल्या माझ्या या गावात, परत येऊन दोन वर्षं झाली. त्याआधी अठरा वर्षं गास्तेइसमध्ये काढली. लग्न तिथंच केलं, तिथंच मोडलं. आईचं दुखणं काढायला आले आणि राहिले. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी आहे. सकाळभर बाटल्या, नमुने, क्लोरीन. तीनला सुटते. मग?

या गावात एकटं माणूस घरी जेवू शकतं, समुद्रकाठी चालू शकतं, चर्चमध्ये बसून रडू शकतं. जुन्या गावातल्या बारमध्ये मात्र एकट्यानं शिरता येत नाही. कुणी अडवत नाही, पण पाय उचलत नाही. फेरी करायची ती आपल्या कुआद्रियाबरोबर, म्हणजे शाळेपासूनच्या टोळक्याबरोबर. एका बारमध्ये एक पेला, एक पिंचो, म्हणजे पेल्याबरोबरचा एखादा घास, की पुढचा बार. टोळकं एकदाच मिळतं, चौदाव्या-पंधराव्या वर्षी. सुटलं की दुसरं मिळत नाही. माझं सुटलं. त्यातली मायदेर बाजारात भेटते, दोन्ही गालांचे मुके घेते, म्हणते, "भेटू गं एकदा." हे 'एकदा' कधीच येणार नाही, हे तिलाही ठाऊक असतं आणि मलाही.

आज पावाच्या दुकानाच्या दारावर एक पत्रक बघितलं. जुन्या गावातून पायी खाद्यफेरी, दर शनिवारी दुपारी, सोबत वाटाड्या. खाली बारीक अक्षरात: एकट्यांचंही स्वागत. ती ओळ दोनदा वाचली आणि नाव नोंदवलं. गाव विचारलं तर बास्क मुलखाबाहेरचं 'बुर्गोस' लिहिलं. चक्क खोटं! शेहेचाळीस वर्षांची बाई आपल्याच गावात प्रवासी होऊन हिंडणार.

७ ऑक्टोबर, शनिवार

गेले.

वाटाडी गराझी नावाची मुलगी, सत्ताविशीची, दोन्ही कानांत तीन-तीन बाळ्या, आवाज मासळीबाजारातला. आम्ही नऊ जण. त्यात योर्गन नावाचे निवृत्त डॅनिश शिक्षक होते. त्यांचं स्पॅनिश व्याकरणाला धरून आणि अतिशय सावकाश. पहिल्या बारमध्ये गराझीनं काडीला टोचलेलं ऑलिव्ह, मिरची आणि खारवलेला मासा प्रत्येकाच्या हातात दिला आणि एका घासात खायला सांगितलं. हे मी सात वर्षांची असल्यापासून खाते आहे. तरी विचारलं, "तिखट असतं का हो?" आपल्याच तोंडून हे ऐकताना कानशिलं तापली.

पण खरं लिहायचं तर बरं वाटलं. गर्दीत कुणाचं तरी कोपर लागत होतं. कुणीतरी न विचारता माझा पेला भरत होतं. दोन वर्षांत प्रथमच मी त्या दारातून आत गेले होते.

तिसऱ्या बारमध्ये गराझी रंगात आली. म्हणाली, "आमच्याकडे माणूस नवरा बदलेल, पक्ष बदलेल, पण कुआद्रिया बदलणार नाही. इथं कुणी कुणाला टाकत नाही." योर्गननी विचारलं, एखाद्याचं सगळ्यांशीच बिनसलं तर? ती म्हणाली, "तर तो बिल्बाओला राहायला जातो!" सगळे हसले. मीही हसले. मग पावावरचा खारा मासा तसाच बशीत ठेवला.

८ ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. लिहूनच टाकते.

इझास्कुन.

१९९८. आम्ही सहा जणी होतो. इझास्कुनचे वडील नगरसेवक. त्या वर्षांत वेगळा बास्क देश मागणारे बंदूकवाले त्यांच्या पक्षाच्या नगरसेवकांना गोळ्या घालत होते. तिच्या वडलांना अंगरक्षक मिळाले, मग तिलाही एक मिळाला. शुक्रवारी आम्ही फेरीला निघालो की तो बारच्या दाराशी उभा राहायचा. आत आमचे आवाज खाली यायचे. बारवाले आमचे पेले सगळ्यांत शेवटी भरायचे. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं.

एका गुरुवारी मायदेरचा फोन आला की उद्यापासून नेहमीचा बार सोडून दुसऱ्या बारपासून सुरुवात करू, पुढं कळव. निरोप साखळीनं जायचे. मायदेर मला, मी इझास्कुनला, ती पुढचीला. मी इझास्कुनला फोन केला नाही. तिला वगळून थेट पुढचीला केला. तीही 'बरं' म्हणाली. इझास्कुन कुठे, असं विचारलं नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मायदेरनं नाही, कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या कडेनं जाताना ती दिसली. जुन्या बारसमोर ती आणि अंगरक्षक, दोघंच. ती घड्याळ बघत होती. मी चालत राहिले. त्या उन्हाळ्यात ते कुटुंब बास्क मुलूख सोडून लोग्रोन्योला गेलं.

भीती होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. होतीच. पण भीतीहून कंटाळा जास्त होता. त्या माणसामुळे शुक्रवारची मजा जात होती. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा गेले, आणि पकडले गेले.

दुसऱ्या बारमध्ये बारवाला गराझीला आपल्या बास्क भाषेत म्हणाला, "तुझी ती बुर्गोसची बाई दोन घोटांत पेला संपवते नि दाराशी जाऊन उभी राहते. घरी दूध उतू जातंय जणू." मला हसू फुटलं. गराझीनं वळून बघितलं. बुर्गोसच्या बाईला बास्क कळत नाही!

फेरी संपल्यावर तिनं मला थांबवून घेतलं. "कुठल्या तुम्ही?" मी गल्लीचं नाव सांगितलं. तिथून दोनशे पावलं. ती चिडली नाही. इथलं माणूस नोंदणी करून आमच्याबरोबर कशाला येईल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एकटीनं शिरता येत नाही. ती म्हणाली की तिची आईसुद्धा वडील गेल्यापासून घरीच बसते. तिला वाटायचं आईला आवड नाही.

मी तिला इझास्कुनचं सांगितलं. का सांगितलं? कदाचित तिचं ते 'इथं कुणी कुणाला टाकत नाही' मला खुपत होतं. किंवा परक्या पोरीपुढं कबूल करणं सोपं असतं, म्हणून. सांगून झाल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्यासारखी! लाज वाटली. ती एवढंच म्हणाली, "आम्हाला हे घरात कुणी सांगितलं नाही. शाळेतही नाही."

१७ ऑक्टोबर

मायदेरचा फोन! बारवाल्याकडून तिच्या भावाला, भावाकडून तिला. "अगं, परदेशी म्हाताऱ्यांच्या मागं हिंडतेस? आम्ही मेलो का? शुक्रवारी ये. साडेसातला." मला फोनच्या गटातही घेतलं. आनंद झाला. किती झाला ते लिहायला संकोच वाटतो. कपाटातून निळा स्वेटर काढला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

कालचं लिहायचं म्हणून आजची फेरी चुकवली.

चौघी होत्या, मी पाचवी. मायदेरनं सगळ्यांसाठी मागवलं. कुणाला काय हवं ते विचारायची पद्धत नाही, माहीत असतं. माझ्यापुढं लाल वाइन आली. बाविसाव्या वर्षी मी तीच घ्यायचे. आता लाल प्याले की डोकं दुखतं. प्याले. पेला उचलताना डोळे भरले. त्या टिंगल करत होत्या, माझ्या माजी नवऱ्याची, माझ्या केसांची, गास्तेइसच्या थंडीची. "तिथं राहून तूही गारठलीस!" आपल्या माणसांनी टर उडवावी, याहून मोठं सुख नसतं. मी विसरले होते.

चौथ्या बारमध्ये एकीनं सहज म्हटलं की इझास्कुन परत आलीय. ग्रोसमध्ये, पुलापलीकडे, आत्याचं घर तिला मिळालंय. एकटीच राहते. सगळ्यांनी आपापल्या पेल्यात बघितलं. मग मायदेर म्हणाली, "चला, पुढं. इथं फार गर्दी झाली."

आणि आम्ही पुढं गेलो. मीही गेले. सगळ्यांत आधी दाराशी मी होते.

२२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर विचार. शेवटी मायदेरला लिहिलं की शुक्रवारी मी तेव्हाच येईन, जेव्हा इझास्कुनला बोलावू. हे मी तिच्यासाठी केलं, की या वहीत लिहायला बरं दिसावं म्हणून? खरंच सांगता येत नाही.

२३ ऑक्टोबर

उत्तर नाही. गटातून माझं नाव गेलं. एक शब्द नाही कुणाचा.

आपण हे काम किती सफाईनं करतो!

२५ ऑक्टोबर, बुधवार

इझास्कुनकडे जाऊन आले.

चौथा मजला. खोक्यांची रास. ती बारीक झाली आहे, केस पिकू दिले आहेत. मला बघून दचकली नाही. "ये" म्हणाली, आणि आधी माझ्या मागं जिन्याकडे नजर टाकली, मग दार लावलं. तिची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली होती. आजही.

तिला सांगायचं ते तीन रात्री लिहून काढलेलं माझ्या खिशात होतं. माझा हात तिकडे गेला तशी म्हणाली, "कागद आणलास? शाळेतही उत्तरं लिहून आणायचीस." मग कागद काढलाच नाही. साखळीचं सांगितलं, समोरच्या कडेनं गेले तेही, आणि कंटाळ्याचंही. तिनं मध्ये तोडलं नाही. कॉफी गार झाली.

कप बाजूला सारून म्हणाली, "तुझ्या फोनची मी फार दिवस वाट बघितली नाही. आठवडाभर असेल. पण बाबा बसायचे गं. गुरुवारी रात्री फोनपाशी. तो वाजला नाही की माझ्याकडे बघायचे. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं, आपण पोरीच्या मैत्रिणी घालवल्या. मी तुला माफ करीनही. त्यांच्या वतीनं मला ते करता येत नाही."

मी गार कॉफी संपवली.

मग तिनंच विचारलं, संध्याकाळी काय करतेस. मी शनिवारच्या फेरीचं सांगितलं. बुर्गोस, योर्गन, 'तिखट असतं का हो', सगळं. ती हसली. पहिल्यांदाच. जुनं हसू, नाकातून येणारं. "आणि कुणी ओळखत नाही तुला?" प्रवासी नाही ओळखत, म्हटलं. ती खिडकीपाशी गेली. तिथून पूल दिसतो, पलीकडे जुनं गाव. तिकडे ती अजून गेलीच नाही. महिना झाला येऊन.

मी म्हटलं, चल, आपण दोघी जाऊ.

ती म्हणाली, "मला एकदा ती गल्ली चालायचीय. मागं न बघता. पण तुझ्याबरोबर नाही, उशुए. तू सारखी माझ्या तोंडाकडे बघत राहशील."

खरं आहे. त्या क्षणीही मी तेच करत होते.

निघताना नंबर लिहून ठेवला. तिनं कागद घेतला, पण बघितला नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी इझास्कुनचा फोन. त्या शनिवारच्या फेरीत लोग्रोन्योच्या एका बाईला जागा मिळेल का? मी विचारलं, दोघींची सांगू? "एकीची. आणि तू येऊ नकोस. पुढच्याही शनिवारी नको. मला रुळू दे." गराझीला विचारलं. ती म्हणाली, बारा झाले, जागा नाही. बारावी मीच, आधी नाव नोंदवलेली.

उद्या: कामावर जाण्याआधी गराझीच्या कचेरीत जाऊन माझं नाव खोडून तिथं तिचं लिहून येणे.