रविवारसाठी राखलेला आवाज

गवईबुवा,

मला अचानक ड्यूटीवर बोलावलंय, सातपर्यंत येईन. चार वाजता बाबांना चहा दे.

गुरुवारपासून तू घरात तोंड उघडलेलं नाहीस. उद्या चर्चमध्ये एकट्याने गायचंय, देवाला उत्तम आवाज द्यायचाय, म्हणून घरातला सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. मी वाचते, माझं भागतं. पण बाबांना दिसत नाही, हेही विसरलास? काल त्यांच्या उशाशी 'बरं वाटतंय का?' अशी चिठ्ठी ठेवलीस. त्यांनी त्या कागदाला नाक पुसलं. आज सकाळी मला हळूच विचारत होते, "धाकटा घर सोडून गेला का गं?" मी काय सांगणार, कपाळ?

तेव्हा आज चहानंतर त्यांचं रोजचं स्तोत्र तू वाचून दाखव. खणखणीत वाच, कुजबुजून काटकसर करायची नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं तर पुन्हा वाच. घसा बसला तर बसू दे. उद्या चर्चमध्ये कुणी विचारलंच तर सांग, देवाला द्यायचं उत्तम ते कालच घरी देऊन झालं.

ताई