टोरांटो किती लांब

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १२ जानेवारी २००४

चि. वर्षाराणीस आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, अक्षताचा गालगुच्चा घे आणि आजीनं घेतला म्हणून सांग.

इकडे थंडी बरी आहे. नवा गूळ आलाय, तुझा डबा भरून ठेवलाय. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन ह्यांच्या खुर्चीला चिकटलेला, रविवारी तो वाजला की तेच आधी उचलतात. मला बोलायची सोयच नाही.

परवा तुझे आबा एकटेच बाहेर पडले. विचारलं तर म्हणे, दाढीला. तासाभरानं आले, दाढी तशीच! विमानाची तिकिटं काढणाऱ्याकडे जाऊन बसले होते. टोरांटो किती लांब? तो म्हणाला, मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये विमान बदलायचं, चोवीस तास तरी धरा. ह्यांचा जन्म एसटी चालवण्यात गेला, त्यामुळे एवढ्यावर थोडंच भागणार?

घरी येऊन मला म्हणाले, "मुंबईस्नं हितं यायची रात धर. दोन दिस झालं की. आनि तिकीटच मिळालं न्हाय तर?"

मी विचारलं, "तुमास्नी कुठं जायाचं हाय?"

"मला न्हाय. पोरीला यायचं झालं तर."

मला कळलं ते. मागच्या महिन्यात शेजारचे गणपतराव गेले. त्यांचा मुलगा अमेरिकेत. त्याच्यासाठी सगळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले, पण वाटेत त्याचं विमान चुकलं. शेवटी भावकीनं माती उरकली. तो आला तो थेट रक्षाविसर्जनाला, पाठीवरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. "एकदा तोंड बघायचं होतं," एवढंच म्हणत राहिला. घरी येऊन आबा जेवले नाहीत. म्हणाले, "माझ्या येळंला थांबू नका. पोरीला सगळं उरकल्यावर कळवा. तिला असं पळवायचं न्हाय." मला राग आला त्यांचा, आणि रडूही आलं.

आता खरं सांगते. दिवाळीत आबांना ॲसिडिटी झाली म्हणून तुला सांगितलं, ती ॲसिडिटी नव्हती. हृदय फार दमलंय, ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले डॉक्टर. हिंडतात, पेपर वाचतात, माझ्या आमटीला नावं ठेवतात. पण जिन्यात मध्येच बसतात आणि चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवतात. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातलीय. ती मी मोडतेय.

अक्षताची शाळा, तुझी नवी नोकरी, सगळं ठाऊक आहे मला. तरी सांगते, मातीला म्हणून धावत येऊ नकोस. आत्ता ये, दार ते स्वतः उघडतील तोवर. एवढा खर्च कशाला केलास म्हणून तुझ्यावर ओरडतील. ते ओरडणं ऐकायला ये, बाळा.

तुझी
आई