कोल्टर जागेवर का थांबत नाही
विलो फोर्क, सोमवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप व्हर्ना मावशीस,

तुझ्या एल्डनचा टोपी काढून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा घसा शुक्रवारपासून पार बसल्याचं मर्ल काकांकडून कळलं. (सांगताना काका जरा खुशीत वाटले, पण तो तुमच्या घरचा प्रश्न.) मावशी, माझं ऐक, घशाची घाई करू नकोस. काढे, गोळ्या, गुळण्या सगळं बंद ठेव. निदान शनिवारपर्यंत मौन पाळलंस तर घसा आपोआप सुटेल, असं मला मनापासून वाटतं.

आता माझं रडगाणं. आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाचा बचाव माझ्याकडे आहे आणि यंदा आपण ज्याच्या त्याच्याकडून एकाच युक्तीने मार खातोय, हे तू वरच्या रांगेतून पाहतेसच. समोरचे लोक आपला टोकाचा गडी, म्हणजे तुझा नातू कोल्टर, मुद्दाम मोकळा सोडतात. त्याला कुणी अडवतच नाही. त्यांचा डाव चालवणारा क्वार्टरबॅक चेंडू शेजारच्या धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि कोल्टरकडे बघत राहतो. कोल्टर धावणाऱ्यावर झेपावला, की चेंडू मागे ओढून कोल्टरच्याच रिकाम्या जागेतून पसार. कोल्टर थांबला, की चेंडू धावणाऱ्याला देऊन टाकायचा. पण मग तो आत आपल्या गर्दीत शिरतो आणि आपले जाडे गडी त्याच्यावर बसतात. म्हणून मी पोराला एवढंच सांगितलं, की बाबा, तू थांब.

सरावात तो थांबतो. खांबासारखा थांबतो! मी त्याला तुमच्याच गोठ्याचं उदाहरण दिलं होतं. वासरं निवडताना फाटकावरचा माणूस वासरामागे धावला तर वासरूही जातं आणि फाटकही उघडं पडतं. पोराला एका दमात कळलं. आणि शुक्रवारी, सगळं गाव पाहत असताना, हाच शहाणा पहिल्याच डावाला धावणाऱ्याच्या कमरेला मिठी मारून बसला आणि क्वार्टरबॅक चेंडू घेऊन त्याच्या पाठीमागून शीळ घालत गेला. पुढच्या शुक्रवारीही तेच. मी ओरडलो, समजावलं, सरावात त्याच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक स्वतः धरलं. (त्यात मीच दोनदा फरफटलो. रोंडाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोपरांना मलम लावलं आणि दोर काढून घेतला.)

मग गेल्या आठवड्यात मी म्हटलं, याला धावायचंच आहे ना, धावू दे. जागांची अदलाबदल केली. कोल्टरने सरळ धावणाऱ्यावर जायचं आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या आपल्या गड्याने, लाइनबॅकरने, वळसा घालून क्वार्टरबॅकला धरायचं. आता समोरच्याने काहीही निवडलं तरी आपला माणूस तिथे हजर. आणि नेमका त्या शुक्रवारी कोल्टर थांबला! लाइनबॅकर वळसा घालून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, दोघेही चेंडू नसलेल्या क्वार्टरबॅककडे टक लावून बघत बसले आणि धावणारा चेंडू घेऊन मोकळ्या मैदानातून गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

शनिवारी मुख्य प्रशिक्षक हॅल्व्हरसन यांनी मला बोलावलं. येत्या शुक्रवारी बकहॉर्नशी सामना आहे आणि बकहॉर्नवाले या युक्तीशिवाय दुसरं काही खेळतच नाहीत. "एल्डन, पुन्हा तसेच पळाले ना, तर बचाव माझ्या जावयाकडे. तू पाण्याच्या बाटल्या बघ," म्हणाले. जावई हा खेळ टीव्हीवर बटणं दाबून शिकलाय. मावशी, मला फार वाईट वाटलं. ही एकच गोष्ट मला बरी येते असं मी समजत होतो.

काकांना नमस्कार. तू भाजतेस त्या भोपळ्याच्या गोड 'पाय'ची रोंडा आठवण काढते.

तुझा,
एल्डन

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. काल मी सामन्यांचं चित्रण पाहत होतो. दरवेळी आवाज बंद करून पाहतो, कारण लोक मला शिव्या देत असतात. रोंडाने येता-जाता आवाज चालू केला. मावशी, तो कॅमेरा तुझ्या बाकाच्या बरोबर वर आहे. आधीच्या सगळ्या सामन्यांत कोल्टर झेपावायच्या जरासं आधी तुझा आवाज येतो, "धर त्याला, धर!" मग कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी चर्चच्या जेवणात मी तुला बटाट्याच्या दोन ताटल्या मांडून समजावलं, की पोराने थांबायला हवं. आणि बुधवारी बेत बदलला, तो तुला सांगायचा राहिला. गेल्या शुक्रवारी तू घसा फुटेस्तोवर ओरडलीस, "थांब रे, हलू नकोस!" तान्हेपणापासून तुझ्या हाकेवर वाढलेलं पोर ते, माझं काय ऐकणार? तेव्हा हात जोडून विनंती, या शुक्रवारी तोंड मिटून बस.

ता. क. २. वरची विनंती रोंडाला वाचून दाखवली. ती हसत सुटली. म्हणाली, "अहो, तुम्हाला महिनाभर जे जमलं नाही ते बाई वरच्या रांगेत बसून एका हाकेत करते, आणि तुम्ही तिलाच गप्प करताय?" मावशी, खरंच की! मौनाचं सगळं विसर. माझ्या टोपीकडे लक्ष ठेव. टोपी डोक्यावर असेल तर "थांब", हातात असेल तर "धर". लाइनबॅकरही माझ्या टोपीकडेच बघेल आणि उरलेल्याला धरेल. बकहॉर्नवाल्यांना कळणार नाही, हॅल्व्हरसनला तर मुळीच नाही.

ता. क. ३. सोबत मधाची बरणी पाठवतोय. आजपासून चाट, गुळण्या कर, डॉक्टरकडे जा, काय वाट्टेल ते कर, पण शुक्रवारी संध्याकाळी घसा खणखणीत हवा. "धर" तुला येतंच. "थांब"चा मात्र थोडा सराव लागेल. तो काकांवर कर.