हरणाऱ्याचं पातेलं

थोरल्या, आधी चष्मा शोध. कपाळावर आहे. मागच्या खेपेला त्याच्यासाठी सगळी कपाटं उचकलीस आणि शेवटी बायकोवर ओरडलास. सापडला? मग मोठ्याने वाच. मनातल्या मनात वाचलेलं तू संध्याकाळपर्यंत विसरतोस.

मी, जुन्या वळणाच्या पक्षाच्या कार्यालयात एकेचाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई, वय अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी (आईलाच नक्की आठवत नव्हतं), पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगते आहे. परवा छातीचं ऑपरेशन आहे. लिहून घेते आहे ती कार्यालयातली टायपिस्ट. ती म्हणते, "आजी, 'कोणाच्याही धाकाखाली नाही' असं घालावं लागतं." घाल बाई. पण त्याखाली हेही घाल की मला भीती वाटते. ऑपरेशनची थोडी, शुक्रवारच्या मतमोजणीची फार.

कलम एक. घराच्या दोन खोल्या थोरला आणि धाकटी यांना निम्म्या निम्म्या. गळकी पन्हळ थोरल्याच्या वाट्याला. बारा वर्षं तिला "उद्या करतो" म्हणतो आहे.

कलम दोन. सुऱ्या, पोळपाट आणि बँकेत जे काही निघेल ते धाकटीला. तिने कधी माझ्याकडे काही मागितलं नाही, म्हणून.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. का, ते पुढे येईलच.

कलम तीन. मोठं पातेलं. हे कोणा एकाचं नाही, म्हणून त्याची हकीकत सांगते.

ज्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्यांना मत मिळालं, माझ्यासारख्या अंगठेवाल्यांनासुद्धा, त्या वर्षी आपला पक्ष हरला. आपला पक्ष म्हणजे घरमालक, दुकानदार, पेन्शनवाले. जे आहे ते टिकवा म्हणणारे. पक्षातले मोठे लोक कार्यालयाच्या मधल्या खोलीत दार लावून बसले होते. एक म्हणाला, "उद्या हे रस्त्यापलीकडच्या कार्यालयातले आपली घरं घेतील. निकाल जाहीर व्हायच्या आत मतपेट्या ताब्यात घ्या." मी चहा घेऊन आत गेले. मोठे साहेब, म्हणजे तेव्हाचे अध्यक्ष, खिडकीची कडी पुन्हा पुन्हा तपासत होते. तेही घाबरले होते. मला वेगळीच काळजी. विचारलं, "साहेब, विजयाचं म्हणून ऐंशी माणसांचं सूप शिजलंय. ओतू कुठे?"

 मग साहेब हसले, त्या दिवशी पहिल्यांदा. "समोर पाठव."

"समोर? त्यांना?"

"भुकेले असतील. पाच वर्षांनी पुन्हा मतदान आहे ना? मग आज आग लावून आपण राहायचं कुठे?"

सोबत पाव मागितला तर बेकरीवाल्याने "त्यांच्यासाठी माझा पाव नाही" म्हणून दुकानाची फळी खाली ओढली. मी एकटीने पातेलं रस्त्यापलीकडे नेलं. सूप हिंदकळून चप्पल भिजली. समोरच्या पक्षाच्या दारात शिंपी उभा होता. म्हणाला, "आधी तुम्ही खा." विष घातलंय असं वाटलं त्याला. मला आला राग. तीन वाट्या प्यायले. चौथी घेताना तो ओरडला, "अहो बाई, आम्हाला ठेवा की!"

पुढच्या खेपेला ते हरले आणि त्यांनी अंडी उकडून पाठवली, बिनमिठाची. तेव्हापासून रीतच पडली. जो हरतो तो जेवण पाठवतो. मोठे साहेब गेले, पण दर मोजणीला माणसं आधी विचारायची, "या वेळी कोणाचं खायचं?" आणि मग हसायची. हसणाऱ्यांच्या हातात मी कधी काठी पाहिली नाही.

कलम चार. हे माझ्या चुकीबद्दल आहे.

आजारी पडायच्या आदल्या दिवशी कार्यालयाच्या कोठीत बटाटे काढायला गेले. पोत्याखाली हात लाकडाला लागला. नव्या काठ्या, साठेक तरी, टोकाला लोखंड. थोरला आता पक्षाचा सचिव आहे. त्याला विचारलं.

"या वेळी हरायचंच नाही, आई."

"आणि हरलात तर?"

"हरलो तर मोजणी खोटी."

चहात साखर किती सांगावी तसं म्हणाला. ज्याचं नाक मी पदराने पुसलं, त्याच्यापासून मी एक पाऊल मागे सरकले. त्याने पाहिलं की नाही, माहीत नाही.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तो इथे रुग्णालयात संत्री घेऊन आला. एक कागद होता. "गॅसच्या जोडणीचा आहे, अंगठा दे." दिला. एकेचाळीस वर्षं भाजीवाल्याचा तराजू तपासून घेतला, आणि पोटच्या पोराचा कागद वाचून घेतला नाही. तो कागद टायपिस्टनेच टाइप केला होता. तिने काल रडत सांगितलं की त्यात काय आहे: मतदानाच्या संध्याकाळी समोरच्यांना केंद्राच्या मागच्या दाराने शिरून मतपेट्या फोडताना मी डोळ्यांनी पाहिलं. हरले तर हा कागद फडकवून काठ्या बाहेर काढणार आहेत.

त्या संध्याकाळी मी या खाटेवर होते, नाकात नळी. नर्सला विचारा. मी काहीही पाहिलेलं नाही. अंगठा माझा, शब्द माझे नव्हेत. तो कागद रद्द समजावा.

मी समोरच्यांच्या बाजूची झाले असं कोणी म्हणू नये. यंदा मत देता आलं असतं तर आपल्यालाच दिलं असतं. सगळं बदलायची त्यांची घाई मला अजून पटत नाही.

टायपिस्टने विचारलं, "हरल्यावर थोरल्याने सूप नेलं नाही तर त्याला घर नाही, अशी अट घालू का?" नको. धाक दाखवूनच जिंकायचं असेल तर मी कुठली वेगळी? घर त्याचं आहे, कसाही वागला तरी. मला फक्त भीती वाटते आहे, आणि ती त्याला कळावी.

याची एक प्रत शिंप्याकडे, एक टायपिस्टकडे. शुक्रवारी मोजणीला सुरुवात व्हायच्या आधी थोरल्याने ती कार्यालयात वाचावी, मी जिवंत असले तरी. मृत्युपत्र असं आधी वाचत नाहीत म्हणे. मग आईचा निरोप म्हणून वाचा.

सगळं मला दोनदा वाचून दाखवलं. या वेळी ऐकलं, मग अंगठा दिला.

डाव्या हाताचा अंगठा: सांगणारी
साक्षीदार: समोरच्या पक्षाचा शिंपी (सही करताना म्हणाला, "ते सूप खारट होतं." खोटं आहे.)
साक्षीदार: दिवसपाळीची नर्स
लिहिणार: टायपिस्ट
ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
मंगळवार, मतमोजणीला तीन दिवस असताना

अंगठ्यानंतर आठवलं ते: काठ्यांची लोखंडी टोकं काढून त्या मागच्या अंगणातल्या जुन्या चुलीत घाला. ऐंशी माणसांच्या सुपाला पुरतील. हरलात तर बटाटा आणि गाजर, मिरी शेवटी. पाव बेकरीवाल्याकडूनच आणा, फळीवर थाप मारून. थोरल्या, पातेल्याचा एक कान तू धर. दारात "आधी तुम्ही खा" म्हणतील. खा. आणि मी जगले असले तर शनिवारी माझ्या डब्यात त्यातलंच उरलेलं पाठव. संत्री नकोत.